आधी पोथी बघा, मग वाचा

मागच्या अंकात आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांच्या पासोडीवर मी चार ओळी लिहिल्या होत्या. खादीच्या कापडावर हातानं लिहिलेला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ, लांबी सुमारे 40 फूट, रुंदी सुमारे 4 फूट. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात दुसरं काही घेताच आलं नाही. शुद्धलेखनाचे आणि व्युत्पत्तीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. ‘आणि’ची वेलांटी पहिली की दुसरी, हा वाद एक महिना थांबला तर काही बिघडत नाही. (पहिली.)

मॅडम, माझं बी.ए. मराठी झालं. आमच्या गावच्या मठात रुमालात बांधलेल्या पोथ्या आहेत, लहानपणापासून बघत आले. मला त्या वाचायला शिकायचंय. हस्तलिखितांचं एम.ए. कुठं असतं? घरचे म्हणतात, बी.एड. कर नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस, पोथ्या वाचून कुणाचं पोट भरलंय? — एक विद्यार्थिनी, परभणी जिल्हा

लेकरा, घरच्यांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो खोटा नाही. नुसत्या पोथ्या वाचून पोट भरत नाही. नोकरी मिळते ती मराठीच्या, संस्कृतच्या नाहीतर इतिहासाच्या पदवीवर. म्हणून एम.ए. मराठीलाच कर, नेट-सेटची तयारी सोडू नकोस, आणि पोथीचं शिक्षण त्याच्या जोडीनं चालू ठेव. घरी एवढंही सांग, की 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना केवढा भाव आला होता. तोवर ही माणसं कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

आता शिक्षणाचं. मराठी पोथ्यांचं सगळं एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून मिळेल अशी आशा धरू नकोस. माझं शिक्षण असंच चार गावांत आणि पाच दारांत झालं. लिपी एकीकडे, व्याकरण दुसरीकडे, पंचांग एका जोशीबुवांच्या ओट्यावर.

लिपीबद्दल एक गैरसमज आधी काढून टाक. मोडी शिकलं की पोथ्या वाचता येतात, असं निम्मे विद्यार्थी धरून चालतात. मोडीत असतात ते बहुतेक कागद : सनदा, हिशेब, पत्रं, महजर म्हणजे निवाड्याचे कागद. पोथ्या बहुतेक बाळबोधात, म्हणजे तुला येते त्याच देवनागरीत. येते असं वाटतं, एवढंच. जुन्या पोथीत शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग चालते. ‘ख’च्या जागी ‘ष’ लिहिलेला असतो, म्हणजे ‘लिखित’ हे ‘लिषित’ दिसतं. काही पोथ्यांत पडिमात्रा असते : एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ ओढतात, आणि ती रेघ तू आधीच्या अक्षराचा काना म्हणून वाचतेस. पहिले तीन महिने हेच होतं. माझंही झालं.

तुमच्या मठातल्या पोथ्या महानुभावांच्या निघाल्या तर आणखी एक कुलूप. त्यांनी आपल्या ग्रंथांसाठी सांकेतिक लिप्या केल्या. त्यातली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. अक्षरांची अदलाबदल ठरलेली असते, किल्ली नसेल तर पान समोर असून मुकं. वि. का. राजवाड्यांनी ती किल्ली शोधली आणि मगच बाहेरच्या अभ्यासकांना हे वाङ्मय खुलं झालं. त्या मठात कुणी वडीलधारे महंत असतील तर पुस्तकाआधी त्यांच्याकडे जा. नमस्कार कर, काय शिकायचंय ते सांग, आणि ‘दाखवता का’ असं पहिल्या दिवशी विचारू नकोस.

भाषेचं म्हणशील तर यादवकाळची मराठी तुला एम.ए.ला भेटेलच. संस्कृत कामापुरतं तरी लागतं, कारण पोथीच्या शेवटचा मजकूर पुष्कळदा संस्कृतात, आणि तोही मोडक्यातोडक्या. शिवाय आपण मराठवाड्याचे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथला दरबारी कारभार आधी फार्सीत चालायचा, 1884 पासून उर्दूत. फार्सी-उर्दू न येणारा मराठवाड्याचा इतिहासकार एका डोळ्यानं बघतो. मी त्यातलीच एक आहे. साठीत अलिफ-बे गिरवायला बसले, तेव्हा शेजारचा नातू माझ्यापेक्षा लवकर शिकला.

आणि कालगणना. ही कुणी नीट शिकवत नाही, म्हणून तिथं थोडं थांबते. पोथीच्या शेवटी लेखक, म्हणजे उतरवून घेणारा, आपलं नाव, गाव, शक, संवत्सर, महिना, तिथी लिहितो. त्याला पुष्पिका म्हणतात. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो (पौष-माघातली तिथी असेल तर 79), हे शाळेतलं पोर सांगेल. पण शकाचा आकडा बरोबर आहे कशावरून? त्यासाठी संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या फेऱ्यातलं त्या वर्षाचं नाव. शकात 12 मिळव, 60 ने भाग, बाकी उरेल तितकावा संवत्सर. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून एकनाथांनी शेवटी लिहिलेली ओवी घे : ‘शके पंधराशे साहोत्तरी । तारणनाम संवत्सरी’. 1506 आणि 12, 1518. साठानं भागून बाकी 18. प्रभवापासून अठरावा तारण. जुळलं. साठही नावं पाठ कर. परवचा म्हटल्यासारखी म्हण, बसमध्ये म्हण.

जुळलं म्हणजे मात्र झालं असं नाही, आणि हे मी स्वतःची फजिती करून शिकले. 1987 साली मांजरा नदीकाठच्या एका वाड्यात मला एक आख्यानाची पोथी मिळाली. पुष्पिकेत शके 1612, प्रमोदनाम संवत्सर. तिथल्या तिथं गणित केलं : 1624, बाकी 4, चौथा प्रमोद. म्हणजे 1690 सालची प्रत! रात्रभर झोप नाही. दोन महिन्यांनी एका चर्चासत्रात मोठ्या थाटात निबंध वाचला. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी माझे गुरुजी जवळ आले, काही बोलले नाहीत. पोथीचं एक पान त्यांनी खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि माझ्याकडे दिलं. कागदाच्या पोटात इंग्रजी अक्षरं दिसत होती, आणि खाली आकडा : 1834. विलायती कागद. त्याच्या गिरणीनं साच्यातच साल उमटवलेलं. उतरवणाऱ्यानं समोरच्या जुन्या पोथीची पुष्पिकासुद्धा, तारखेसकट, जशीच्या तशी उतरवली होती. गणित बरोबर, पोथी चुकीची. ज्ञानेश्वरीच्या कितीतरी प्रतींच्या शेवटी नाथांच्या त्या ओव्या असतात, म्हणून त्या सगळ्या काही 1584 च्या होत नाहीत. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या पोथीबद्दल ठाऊक असतं, आपल्या हाती लागलेल्या पोथीबद्दल आपण विसरतो.

तेव्हापासून माझा नियम : आधी पोथी बघायची, मग वाचायची. कागद देशी घोटीव आहे की विलायती, उजेडात धरून. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात अजून हातकागद बनतो, तिथं एक दिवस घालव. लगदा पाण्यातून उचलताना, कागद वाळताना बघ. मग जुन्या कागदावरून बोट फिरवलंस की बोटालाच कळायला लागेल. पानाची लांबी-रुंदी मोज. दर पानावर किती ओळी, समास किती सोडला, शाई एकच आहे की मध्येच बदलली, अक्षर एकाच हाताचं आहे की दोन, पानांचे आकडे सलग आहेत का, कुठली पानं गेली, हे सगळं आधी वहीत. मजकुराला त्यानंतर हात लावायचा.

शेवटचं अंग म्हणजे पाठचिकित्सा. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती, दहा ठिकाणी वेगळे शब्द, मूळचा कोणता? हे शास्त्र साहेबांनी आणलं असं पुस्तकांत लिहितात. त्याची आजची रीत तिकडून आली हे खरं, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेनं तिच्यात महाभारतासाठी भर घालून जे काम केलं ते 1919 ला सुरू झालं आणि 1966 ला संपलं. पण आपल्या पैठणात, गोदातटी, नाथ हेच करत बसले होते. ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’, असं ते स्वच्छ सांगतात. ग्रंथ शुद्धच होता, उतरवता-म्हणता बिघडला. पुढं असंही बजावतात, की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घुसडेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. संपादकाला याहून कडक ताकीद मी दुसऱ्या कुठल्या भाषेत वाचलेली नाही.

कुठं जायचं ते आता सांगते. मोडीचे वर्ग पुराभिलेख खात्यामार्फत होतात, त्यांचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरातही आहे. पुण्याला भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज. धुळ्याला राजवाडे मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, जिथं मठामठांतून गोळा केलेली रामदासी बाडं, म्हणजे हस्तलिखितं, आहेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, महानुभावांचं गावच ते. आणि 2003 साली केंद्रानं हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन काढलं, त्याच्या कार्यशाळांवर शिकून तयार झालेली पुष्कळ पोरं मी पाहिली आहेत. आता ते काम ज्ञान भारतम् या नावानं पुढं चाललंय. जाहिरात निघाली की अर्ज कर. दिवस थोडे असतात, पण सकाळी नऊपासून पोथी हातात असते.

त्याआधी, या उन्हाळ्यात, मठातली एकच पोथी घे. वाचू नकोस. वर सांगितलं तसं तिचं वर्णन वहीत लिही आणि मला पाठव. लाल शाईनं परत पाठवीन, घाबरू नकोस.

माझ्या आजोबांची शिवलीलामृताची पोथी आहे, सुटी पानं, दोन लाकडी फळ्यांत बांधलेली. अक्षर मोत्यासारखं. एक जण मोटारसायकलवर आला होता, म्हणाला हस्तलिखित आहे, पंचवीस हजार देतो. द्यावी का? — एक शेतकरी, निलंगा

दादा, त्याला आधी चहा पाजून वाटेला लावा. मग पोथी खरंच हाताची आहे का ते बघू.

एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर पोथ्या छापायचे. चांगल्या अक्षराचा माणूस विशेष शाईनं कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरवायचे आणि दगडावरून शेकडो प्रती. पानं सुटीच, आडवीच, पोथीसारखी, कारण गिऱ्हाईकाला तशीच सवय. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच. तेव्हा अक्षर हाताचं असलं तरी पोथी छापील असू शकते. मोठमोठे फसतात.

बघायचं असं. बोरू शाईत बुडवला की पहिली दोन-चार अक्षरं गडद उमटतात, मग फिकी होत जातात, पुन्हा गडद. ओळीत असा चढउतार दिसला तर हाताची. सगळं पान एकसारखं काळं असेल तर संशय धरा. चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप दिसतोय का बघा. तो हरताळ. चूक झाकायला हरताळ लावून वर पुन्हा लिहायचे, ‘हरताळ फासला’ म्हणतो ते त्यावरूनच. दगडावरून पिवळा ठिपका येत नाही, तो सापडला तर आनंद करा. शेवटच्या पानावर छापखाना, किंमत, मालकाचं नाव आहे का तेही नीट वाचा. आणि गावात दुसऱ्या कुणाकडे तशीच पोथी असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. त्याच अक्षराची तीच शेपटी त्याच जागी आली, तर उत्तर मिळालं.

हाताची निघाली आणि 75 वर्षांहून जुनी असली, शिवाय तिला वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोल असलं, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ती येते. परवान्याशिवाय तिचा व्यापार नाही, आणि ती देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला मना आहे. मोटारसायकलवाल्यानं हे सांगितलं नसेल. छापील निघाली तरी विकू नका असं मी म्हणेन, पण तो तुमच्या घरचा प्रश्न.

जपायचं कसं, ते पोथ्या उतरवणारे स्वतःच लिहून गेलेत : ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्’. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधण्यापासून जप, आणि मूर्खाच्या हातात देऊ नको. सैल बांधणं यात का आलं? आपल्याकडचा चैत्र-वैशाख कागदाला पापडासारखा करतो आणि मृगाच्या पावसात तोच कागद ओल पितो. फळ्यांत घट्ट बांधलेली असली की पानं वाकत नाहीत आणि कसर आत शिरत नाही. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा. भिंतीला टेकवून ठेवू नका. पूजेला काढाल तेव्हा हळद-कुंकू फळीवर वाहा, पानावर नको. सेलोटेप आणि लॅमिनेशन म्हणजे पोथीला विष. फाटलं असेल तर फाटलेलं राहू द्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता एआय मोडी वाचायला लागलंय. मग विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं लिपी शिकण्यात अर्थ काय? — एक वाचक, नांदेड

यंत्र वाचू दे की. मला आनंदच आहे. ढिगारा एवढा पडलाय की माणसं पुरायची नाहीत. पण यंत्राला शिकवायला आधी कुणीतरी हजारो पानं बरोबर वाचून द्यावी लागतात, आणि त्यानं वाचलेलं बरोबर की चूक ते सांगायला पुन्हा तोच माणूस. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणजे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावर. किंवा ही तारीख घ्या : ‘सन सबा खमसैन मया व अलफ’. अरबी आकडे आहेत. सात, पन्नास, शंभर, हजार, बेरीज 1157. हा जुन्या मोडी कागदांतला सुहूर सन, त्यात 599 मिळवायचे, 1756 येतं. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पत्र माघातलं असेल तर 1757. यंत्र ‘सबा’ अचूक वाचेल आणि पुढं काय करायचं ते तुम्हाला विचारेल. तेव्हा तुम्हाला यायला हवं.

तुम्ही त्या क्षेत्रात आहात तर एक विनंती. सुट्टीत गावी आलात की एखाद्या मठाच्या पोथ्यांचे फोटो नीट काढून द्या. फ्लॅश नको, शेजारी पट्टी ठेवा, कोरी पानंसुद्धा सोडू नका.

माझं एम.ए. इंग्रजी झालंय. मध्ययुगीन हस्तलिखितं आणि सुरुवातीची छापील पुस्तकं या विषयात परदेशी जाऊन शिकायचंय. कुठं आणि कशाच्या जोरावर? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आधी ठरव, तुला त्यांच्या पोथ्या वाचायच्या आहेत की आपल्या.

त्यांच्या असतील तर रस्ता लॅटिनमधून जातो. टोरंटोचं मध्ययुग अभ्यास केंद्र 1964 पासून आहे आणि तिथली लॅटिनची परीक्षा चुकत नाही; भल्याभल्यांना ती दोनदा द्यावी लागते. पॅरिसचं एकोल दे शार्त 1821 चं, जुने दस्तऐवज वाचणारे घडवण्यासाठीच काढलेलं, पण तिथं फ्रेंच आधी. व्हर्जिनियात रेअर बुक स्कूल आहे. तिथले वर्ग पाच-पाच दिवसांचे, पदवी मिळत नाही, मात्र जुनं पुस्तक हातात घेऊन त्याची वीण कशी उलगडायची हे तिथं शिकवतात. त्यांच्या विद्येचा मोठा भाग पुस्तकाच्या शरीराबद्दल आहे. चर्मपत्र म्हणजे कातडं, त्याची एक बाजू केसांची, एक मांसाची. वही बांधताना केसाच्या बाजूसमोर केसाची बाजू यावी अशी घडी घालत. समोरासमोरची पानं तशी जुळली नाहीत की पान गेलंय किंवा मागाहून घुसलंय असं अनुमान. आपल्या सुट्या पानांच्या पोथीला हा न्याय जसाच्या तसा लागू होत नाही, पण असं बघायची सवय लागू होते. 1500 सालापर्यंत तिकडं छापलेल्या पुस्तकांना इन्क्युनॅब्युला म्हणतात, त्यांचं शास्त्र वेगळंच.

आपल्या असतील तर जर्मनीत हॅम्बुर्गला बघ. तिथं हस्तलिखित संस्कृतींचं केंद्र आहे, आशिया-आफ्रिका-युरोप सगळीकडची हस्तलिखितं शेजारी ठेवून बघतात. नेपाळातल्या पोथ्यांची 1970 पासून जी मायक्रोफिल्म झाली, त्या कामाचाही हॅम्बुर्गशी जुना संबंध. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नसतं. राहण्या-खाण्याचा पैसा मात्र आधी खात्यात दाखवावा लागतो, आणि तो आपल्या घरांना जड जातो. शिष्यवृत्तीशिवाय जमीन गहाण टाकून जाऊ नकोस. हे मी एका घरात पाहिलंय.

जोर कशाचा, म्हणशील तर प्रवेशाच्या अर्जात तू काय वाचलंस यापेक्षा तू काय हाताळलंस ते लिही. तुझ्यासारखी सगळी मुलं तीच पुस्तकं वाचून येतात. तू कागजीपुऱ्यात कागद बनताना पाहिलायस, अंबाजोगाईला येऊन पासोडी पाहिलीस, एका मठाच्या वीस पोथ्यांची यादी केलीस, असं लिहिता आलं तर तो अर्ज वेगळा दिसतो. हॅम्बुर्गच्या आधी तंजावरलाही जाऊन ये. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत, रेल्वेचं तिकीट परवडतं. आणि छापील पुस्तकांचंच वेड असेल, तर आपली सुरुवातही काही कमी नाही. 1616 मधलं फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत, पण रोमन लिपीत. पुढं 1805 ला तिकडं बंगालात सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण, मग 1810 ला त्याचा कोश, तोही मोडी टाइपात. मराठी माणसांच्या मुलखापासून इतक्या लांब मराठी का छापली गेली, यावर तुला एक अख्खा प्रबंध लिहिता येईल, लॅटिन न शिकता.

दासोपंत रोज एका ढब्बू पैशाची शाई संपवत असं सांगतात, खरं का? — एक भक्त, अंबाजोगाई

बुवा, सांगतात खरं. दासोपंतांनी 1551 ते 1615 या आयुष्यात जेवढं लिहिलं ते बघता पैसा कमीच पडला असेल. शाईचा भाव कुणी लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

शाळेत पोरांकडून बोरूनं एक पान लिहून घ्यायचंय. बोरू कुठं मिळतो, शाई कशी करायची? — एक शिक्षक, कळमनुरी

गुरुजी, फार बरं काम काढलंत. विकत शोधू नका. ओढ्याकाठी बोरू वाढतो, नाहीतर करंगळीएवढ्या जाडीची बांबूची काडी चालते. चांगली वाळलेली, हिरवी नको. एका टोकाला धारदार चाकूनं तिरकी काप द्या, मग टोक आडवं छाटा, बाळबोधाला थोडं तिरपं. मधोमध एक बारीक चीर हवी, तिच्यातून शाई उतरते. चीर लांब गेली तर शाई भळाभळा सांडते, आखूड राहिली तर अक्षर अर्ध्यात कोरडं पडतं. चाकू पोरांच्या हातात देऊ नका, दहा-बारा बोरू तुम्हीच तासा.

शाईसाठी तिळाच्या तेलाचा दिवा, वर उपडी वाटी. काजळ धरलं की बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायचं. खूप खलायचं, हात दुखेपर्यंत. डिंक कमी पडला तर सुकल्यावर काळं बोटाला लागतं, जास्त झाला तर ओळ चकाकते आणि वाळल्यावर तडकते.

कागदावर आधी रेघा आखून घ्या, अक्षरं रेघेच्या खाली लटकवायला सांगा. मग एखादी ओवीबद्ध कविता समोर ठेवा, एका पोरानं उतरवायची, दुसऱ्यानं त्याचं बघून, तिसऱ्यानं दुसऱ्याचं बघून. दोन ओळी सारख्याच शब्दानं संपत असतील अशी कविता मुद्दाम निवडा. डोळा एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि मधली ओळ गळते. पाचव्या पोरापर्यंत किती ओळी शिल्लक राहतात ते मला कळवा. आणि पानाच्या शेवटी प्रत्येकाला नाव, गाव, शक, संवत्सर, तिथी लिहायला लावा.